खातं जुनं, पत नवी

"चोवीस वर्षांपासून पगार याच बँकेत जमा होतो. पोरीच्या लग्नाची एफडी इथंच, लॉकर इथंच. आन् तीन लाख मागितले तर म्हणले, गुरुजी, सिस्टीम घेईना. मी काय अनोळखी आहे का?"

नांदेडच्या वजिराबादेत असो की लातूरच्या गंजगोलाईजवळ, बँकेच्या पायऱ्या उतरणाऱ्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न थोड्याफार फरकानं असतोच. मराठवाड्यात तो जरा जास्तच जिव्हारी लागतो, कारण इथं बँकेशी असलेलं नातं एका माणसाचं नसून घराण्याचं असतं. निजामाच्या राजवटीत १९४१ साली हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली. तीच पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. पाटी बदलली, तरी जुनी माणसं आजही "हैदराबाद बँकेत जाऊन येतो" असंच म्हणतात. १९७६ साली नांदेडात मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक सुरू झाली, २००९ साली ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेचा भाग झाली. आजोबांचं पासबुक, वडिलांचं पीककर्ज आणि नातवाचा पगार एकाच इमारतीत, अशी कितीतरी घरं या दोन जिल्ह्यांत आहेत. त्या इमारतीतून आलेला नकार व्यवहाराचा वाटत नाही. सोयऱ्यानं दारातून परत पाठवावं तसा तो लागतो.

म्हणून आधी हे नातंच नीट उलगडून पाहू.

१. जमा आणि नावे

नव्या मोंढ्यातल्या आडतीवर शेतकरी सोयाबीन घालतो. काटा होतो, पट्टी बनते. घरात लगेच पैशाची गरज नसेल तर तो म्हणतो, "शेठ, राहू द्या तुमच्याकडंच, दिवाळीला नेतो." इथं विश्वास कोणी टाकला? शेतकऱ्यानं. जोखीम कोणाची? त्याचीच. आडत्या उद्या दुकान बंद करून गेला, तर बुडणार शेतकरी.

आता तोच शेतकरी जूनमध्ये येतो आणि पेरणीसाठी उचल मागतो. आता विश्वास आडत्यानं टाकायचा आहे. वही तीच, पान तेच, माणसंही तीच. पण पहिला व्यवहार 'जमा'च्या बाजूला लिहिला जातो आणि दुसरा 'नावे'च्या.

बँकेतलं बचत खातं किंवा एफडी म्हणजे तुम्ही बँकेला दिलेलं कर्ज. चोवीस वर्षं तुम्ही सावकार होता आणि बँक तुमची देणेकरी. म्हणूनच तुमच्या ठेवीला विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख रुपये आहे. जोखीम तुमची, म्हणून संरक्षणही तुम्हाला. कर्ज मागता तेव्हा बाजू पालटते. बँक चांगली आहे का हे तुम्ही चोवीस वर्षं तपासलंत. तुम्ही कर्ज फेडता का हे तपासायची संधी मात्र बँकेला एकदाही मिळालेली नसू शकते.

आणखी एक गोष्ट. व्यवस्थापक जे तीन लाख देणार, ते त्याचे नसतात. त्यात औशाच्या एखाद्या निवृत्त तलाठ्याची ठेव असते, किनवटच्या एखाद्या बचत गटाची शिल्लक असते. तुमचं कर्ज बुडालं तरी त्यांना त्यांचे पैसे मागता क्षणी द्यावेच लागतात.

२. शिल्लक नव्हे, हप्ता

बहुतेकांची समजूत अशी की बँक 'माणूस किती सधन आहे' हे पाहते. ती त्याहून खूप अरुंद प्रश्न विचारते: दर महिन्याला ठरल्या तारखेला हप्त्याएवढी रक्कम या माणसाच्या हातात मोकळी असेल का?

गुरुजींचंच गणित मांडू. आकडे समजुतीपुरते घेतले आहेत. हातात येणारा पगार ५६,००० रुपये. सगळे हप्ते आणि कपाती मिळून निम्म्या पगाराच्या पुढे जाऊ नयेत असा अनेक बँकांचा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे मर्यादा झाली २८,०००. आता आधीची देणी: घराचा हप्ता १६,५००, शिक्षक पतसंस्थेची कपात ६,०००, मोटारसायकलचा हप्ता ३,२००. बेरीज २५,७००. नव्या हप्त्याला उरले २,३००.

तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज, व्याज १२ टक्के, मुदत ३ वर्षं. हप्ता येतो सुमारे ९,९६०. उरलेल्या २,३०० रुपयांत बसणारं कर्ज सुमारे ६९,००० रुपयांचं. 'सिस्टीम घेईना' या दोन शब्दांमागे एवढी साधी वजाबाकी होती, आणि ती गुरुजींना कोणीही करून दाखवली नाही.

समजा मोटारसायकलचे सहाच हप्ते राहिले आहेत, म्हणजे १९,२०० रुपये. ते एकदम भरले की हप्त्याला ५,५०० रुपये मोकळे होतात आणि पात्रता १ लाख ६५ हजारांपर्यंत जाते. मुदत ३ ऐवजी ५ वर्षं घेतली तर सुमारे २ लाख ४७ हजार. माणूस तोच, पगार तोच. मात्र वय इथं आडवं येऊ शकतं. राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांची निवृत्ती ५८ व्या वर्षी होते, त्यामुळे पंचावन्नाव्या वर्षी पाच वर्षांची मुदत मागितली तर शेवटची दोन वर्षं पगाराबाहेर पडतात.

आणि मुलीच्या लग्नाची ती एफडी? ती चार लाखांची असेल तर तिच्यावर तीन लाख तारण कर्ज सहज मिळतं, ठेवीच्या व्याजदरापेक्षा साधारण एखाद-दोन टक्के जास्त दरानं. त्याला पगाराचं गणित लागत नाही, कारण फेडीची हमी बँकेच्याच कपाटात असते. वैयक्तिक कर्ज नाकारणाऱ्या माणसानं तेवढं सांगायला हवं होतं. खातेदाराचं हित पाहणं याहून वेगळं काय असतं?

३. गावभरच्या उधारीची एकच वही

हप्त्याचं गणित जमलं तरी नकार येतो, तेव्हा बहुधा दुसरा शब्द कानावर पडतो: सिबिल.

गावात सात किराणा दुकानं आहेत असं समजा. प्रत्येकाची उधारीची वही वेगळी. मग त्या सातही जणांनी ठरवलं की दर पंधरवड्याला आपापल्या वह्या एका ठिकाणी उतरवून घ्यायच्या आणि नवं गिऱ्हाईक उधार मागायला आलं की ती मोठी वही पाहायची. सिबिल म्हणजे अशी मोठी वही. ही कंपनी २००० साली स्थापन झाली, आज तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल आहे. २००५ सालच्या कायद्याखाली एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या आणखी तीन कंपन्या हेच काम करतात. पण आपल्याकडं 'सिबिल' हे आता कंपनीचं नाव राहिलेलं नाही, रक्तदाबासारखा तो माणसाला लागलेला आकडा झाला आहे. ३०० ते ९०० च्या दरम्यान तो असतो. जितका जास्त तितका बरा.

या वहीत काय लिहिलेलं नसतं ते आधी लक्षात घ्या. तुमची ठेव नसते, जमीन नसते, घर नसतं, गावातली अब्रू नसते. फक्त उधारी असते: कधी घेतली, किती घेतली, वेळेवर फेडली का, एकाच वेळी किती ठिकाणी मागितली. म्हणून जन्मभर रोखीनं जगलेल्या माणसाचं पान कोरं निघतं. त्याच्यापुढे आकडाच नसतो किंवा उणे एक असं लिहिलेलं असतं. हा दोष नव्हे, ओळख नसणं आहे. केवळ पान कोरं आहे म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे, आणि अमुक इतका स्कोअर हवाच असा कुठलाही किमान आकडा तिनं ठरवून दिलेला नाही. आकडा ठरवतात ती त्या त्या बँकेची स्वतःची धोरणं.

पान खराब होण्याच्या वाटा मात्र पुष्कळ, आणि त्यातल्या काही माणसाच्या लक्षातही येत नाहीत. दुकानात 'शून्य व्याजावर' घेतलेला मोबाइल हे कर्जच असतं. त्याचा एक ७०० रुपयांचा हप्ता खात्यात शिल्लक नसल्यानं परत गेला की तोही तिथं उमटतो. क्रेडिट कार्डाचं पूर्ण बिल न भरता फक्त किमान रक्कम भरत राहिलं, तर थकबाकी दिसत नाही. पण कार्डाची मर्यादा कायम भरलेली दिसते आणि आकडा खाली येतो. नकारानंतर रागारागानं त्याच आठवड्यात आणखी चार बँकांत अर्ज केले, तर त्या चारही चौकशा वहीत चढतात आणि पाचव्या बँकेला हा माणूस अडचणीत असल्याचं दिसतं.

सगळ्यात जास्त घरं मी जामिनापायी अडकलेली पाहिली आहेत. आपल्याकडं साडूनं, मेव्हण्यानं सही मागितली की नाही म्हणता येत नाही. मीही एका साडूच्या टेम्पोसाठी सही केली होती, आणि 'जामीन म्हणजे साक्षीदार' अशीच तेव्हा माझी समजूत होती. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. साडूचे पाच हप्ते थकले, तेव्हा ते माझ्याही पानावर दिसले. माझं स्वतःचं एका पैशाचंही देणं राहिलेलं नव्हतं.

४. जवळची बँक जास्त पाहते

आपली बँक नाही म्हणाली आणि त्याच महिन्यात दुसरी हो म्हणाली, असंही घडतं. त्याचं एक कारण असं की दुसऱ्या बँकेला फक्त मोठी वही दिसते, आपल्या बँकेला आपलं पासबुकही दिसतं. पगार एक तारखेला येतो आणि चार तारखेला खातं रिकामं होतं. दोन धनादेश परत गेले आहेत. दर शनिवारी कुठल्याशा ऑनलाइन खेळाला पैसे जातात. हे सगळं तिच्यासमोर असतं.

शिवाय तिची स्वतःची स्मरणशक्ती वेगळी असते. दहा वर्षांपूर्वी तडजोडीत मिटवलेलं कर्ज तुमच्या लेखी मिटलेलं असतं. बँकेच्या लेखी तिनं त्यात काही रक्कम सोडलेली असते.

५. वर्षातून दोनदा येणारा पैसा

आतापर्यंतचं सगळं मुंबई-पुण्याच्या वाचकालाही लागू पडेल. आता जे सांगायचं आहे ते आपल्या भागाचं आहे, आणि या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच.

दर महिन्याला हप्ता हे माप पगारदारासाठी शिवलेलं आहे. लातूर-नांदेडचा पैसा महिन्याच्या तालावर येत नाही. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, हळद उन्हाळ्याच्या तोंडाशी. आणि हा ताल एकट्या शेतकऱ्याचा नाही. आडत्या, डाळमिलवाला, कृषी सेवा केंद्र, ट्रॅक्टरचं गॅरेज, कापडाचं दुकान, सगळे त्याच तालावर जगतात. सोयाबीन विकलं की उदगीरच्या बाजारात गर्दी; जुलैत त्याच दुकानात दिवसभर फक्त पंखा फिरत असतो.

आठ एकरांचं उदाहरण घेऊ. एकरी ७ क्विंटल धरले तर ५६ क्विंटल सोयाबीन. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण बाजारात त्याहून कमी भावानं माल गेला. आपण ४,२०० धरू. हाती आले २,३५,२००. एकरी खर्च १८,००० धरला तर १,४४,००० वजा. उरले ९१,२००. बारानं भागलं तर महिना ७,६००. निम्मे म्हणजे ३,८०० रुपयांचा हप्ता कागदावर परवडतो.

पण ते ९१,२०० नोव्हेंबरात एकदम येतात. त्यातून मुलीच्या लातूरच्या क्लासची फी जाते, घरचं आजारपण निघतं, थोडं सोनं होतं किंवा सुटतं. जूनपर्यंत खात्यात काही उरत नाही आणि नेमकी तेव्हाच पेरणी. जून ते सप्टेंबरचे चार हप्ते चुकतात. नोव्हेंबरात तो माणूस चारही हप्ते व्याजासकट भरतो, एक रुपया बुडवत नाही. तरी मोठ्या वहीत तो 'नव्वद दिवसांहून जास्त थकलेला' म्हणून नोंदला गेलेला असतो. त्यानं फसवलेलं नसतं. त्याच्या अंगाला दुसऱ्याचा सदरा घातलेला असतो.

पीककर्जाचे नियम हे जाणतात. इतर कर्जांत हप्ता नव्वद दिवस थकला की खातं अनुत्पादक ठरतं. अल्प मुदतीच्या पिकाच्या कर्जाला मात्र दोन हंगामांची सवड असते. ट्रॅक्टर किंवा पाइपलाइनच्या कर्जाला सहामाही हप्ता ठरवून घेता येतो. ज्या शेतकऱ्याचं उत्पन्न हंगामी आहे, त्याला मासिक हप्त्याचं वैयक्तिक कर्ज नाकारणं काही वेळा त्याच्या भल्याचंच असतं. पण नुसतं नाकारून चालत नाही. त्याच्या तालाचं कर्ज कोणतं, ते त्याला दाखवावं लागतं. ते न दाखवता "सिबिल बसत नाही" एवढं म्हणून माणसाला मोकळं सोडणं मला अन्यायाचं वाटतं.

पीककर्जाचीही आपली गाठ आहे. दरवर्षी जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलायचं, याला आपण 'नवं-जुनं' म्हणतो. मुदतीत नवं-जुनं करणाऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. पण २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन मोठ्या कर्जमाफ्या या पिढीनं पाहिल्या. माफीची हवा सुटली की "आता भरू नका, माफ होईल" असा सल्ला पारावर मिळतो, आणि नवं-जुनं थांबतं. ज्याचं नाव यादीत आलं तो सुटला. ज्याचं आलं नाही, त्याची थकबाकी आणि व्याज दोन्ही वाढत राहिलं. काही वर्षांनी त्याचा मुलगा कृषी केंद्रासाठी कर्ज मागायला जातो. जमीन वडिलांच्या नावावर, सातबाऱ्यावर बँकेचा बोजा, आणि खातं थकीत. मुलाचं स्वतःचं पान कोरं असतं, तरी तारणाला देण्यासारखं काही मोकळं नसतं.

पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकांत बँकांना बजावलं आहे, मे २०२५ च्या बैठकीतही. रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२५ पासून विनातारण शेतीकर्जाची मर्यादा १ लाख ६० हजारांवरून २ लाख केली आहे. काउंटरपलीकडून वेगळंच ऐकू आलं, तर या दोन गोष्टी नम्रपणे, पण ठामपणे सांगता येतात.

एक नकार तर केवळ भूगोलाचा असतो. १९८९ साली सेवाक्षेत्र पद्धत आली आणि एकेक गाव एकेका शाखेला नेमून दिलं गेलं. लोक त्याला 'दत्तक गाव' म्हणतात. खातं नांदेड शहरात आणि जमीन मुखेड तालुक्यात असेल, तर शहरातली शाखा पीककर्जासाठी गावाच्या शाखेकडं बोट दाखवते. माणसाला वाटतं आपल्याला टाळलं. खरं तर त्या नकारात त्याच्या पतीबद्दल काहीच म्हटलेलं नसतं.

६. कारण तुमच्यात नसतंच तेव्हा

कधीकधी अर्ज निर्दोष असतो आणि बँकेचाच हात आखडलेला असतो. बँकेला प्रत्येक कर्जामागे स्वतःचं थोडं भांडवल बाजूला ठेवावं लागतं. किमान ९ टक्के धरले तर १ लाखाच्या वैयक्तिक कर्जामागे ९,००० रुपये. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं अशा विनातारण कर्जांचं जोखीमभारांकन १०० वरून १२५ टक्के केलं, म्हणजे ही जोखीम सव्वापट धरा असं सांगितलं. आता त्याच १ लाखामागे ११,२५० रुपये लागू लागले. कर्ज महागलं आणि निवड कडक झाली. ऑक्टोबरात होकार मिळाला असता असा एखादा अर्ज डिसेंबरात परत आला असेल, आणि अर्जदार मात्र 'माझ्यात काय कमी पडलं' याचा विचार करत राहिला असेल.

आणि आता मंजुरीचा अधिकार बऱ्याचदा शाखेत नसतो. फाइल दुसऱ्या कार्यालयात जाते. तिथल्या माणसानं तुमचं घर पाहिलेलं नसतं, तुमच्या वडिलांना ओळखलेलं नसतं. पूर्वीच्या शाखाधिकाऱ्याची ओळख काहींना तारायची, हे खरं. ज्यांची ओळख नव्हती त्यांना ती बुडवायची, हेही तितकंच खरं.

७. कारण लेखी मागा

नकार मिळाला की बहुतेक माणसं मान खाली घालून परत येतात. तसं करू नका. कर्ज नाकारण्याची मुख्य कारणं अर्जदाराला लेखी कळवावीत, असं रिझर्व्ह बँकेनं २००३ साली २ लाखांपर्यंतच्या कर्जांसाठी आणि २००७ साली सर्व प्रकारच्या कर्जांसाठी बँकांना सांगितलं आहे. पावती असलेला अर्ज द्या आणि उत्तराची वाट पाहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत विनामूल्य तक्रार करता येते. कर्ज द्यायचंच असा आदेश लोकपालाकडून अपेक्षू नका, पण बँकेनं नियम पाळले नसतील तर तिला उत्तर द्यावं लागतं.

दुसरं काम स्वतःचं पान वाचणं. चारही कंपन्या प्रत्येकाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट देतात. त्यात नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक आधी पाहा. एकाच नावाची माणसं आपल्या गावांत पुष्कळ असतात आणि दुसऱ्याचं कर्ज आपल्या पानावर येऊ शकतं. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतं का ते पाहा, आणि बेबाकीचा दाखला काढून ठेवा. चूक दाखवून दिल्यावर तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

हंगामी उत्पन्न असणाऱ्यानं आणखी एक करावं. तीन वर्षांच्या आडतीच्या पट्ट्या सांभाळून ठेवाव्यात आणि विक्रीचा पैसा रोखीनं न घेता खात्यात घ्यावा. रोखीनं आलेला आणि रोखीनं गेलेला पैसा बँकेच्या दृष्टीनं आलेलाच नसतो.

गुरुजींना लेखी कारण मिळालं असतं, तर त्यात बहुधा एकच ओळ असती: सध्याची देणी वजा जाता नव्या हप्त्यासाठी २,३०० रुपये उरतात. ती ओळ वाचून गणिताच्या त्या शिक्षकानं त्याच संध्याकाळी मोटारसायकलचे सहा हप्ते मोजले असते.